डावा फाटतो, उजवा सांगतो

मोर्णेच्या पलीकडचं अकोल्याचं जुनं शहर दिवाळीच्या साफसफाईला लागलं की माळ्यांवरून बऱ्याच वस्तू खाली उतरतात. राजराजेश्वराच्या देवळाभोवतीच्या गल्ल्या असोत, हरिहर पेठ असो की डाबकी रोड, कुठल्यातरी घरात लाकडी खोक्याचा एक स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर निघतोच. कॅसेटच्या जमान्यात हौसेनं घेतलेला, टेप बिघडल्यावर वर गेलेला. घरातलं पोरगं त्याला मोबाइल जोडतं, गाणं लागतं, सगळे खूश होतात. आवाज जरा वाढवला की तक्रार सुरू होते : “डाव्या साइडचा आवाज फाटून राह्यला न भाऊ.”

यानंतर बहुतेक ठिकाणी अंदाजपंचे काम चालतं. आधी स्पीकरवर संशय येतो, त्याचा कोन बदलून होतो. मग आउटपुट ट्रान्झिस्टर बदलले जातात, कारण तेच मोठे आणि डोळ्यांत भरणारे असतात. तरी फाटणं थांबलं नाही की ‘याचे पार्ट आता येत नाहीत’ हे ठरलेलं वाक्य ऐकवलं जातं आणि यंत्र भंगारात जातं. मला याची चीड येते. पार्ट बहुतेक वेळा मिळतात. कोणता हवा, हे न शोधताच हात वर केले जातात.

स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायरएवढं दुरुस्तीला सोपं यंत्र विरळाच. एकाच खोक्यात दोन जुळे भाऊ राहतात : तोच नकाशा, तेच भाग, तेच वय. एक आजारी पडला तर दुसरा शेजारीच धडधाकट उभा असतो. सर्किट डायग्राम नसला तरी उजवा चॅनल हाच डाव्याचा डायग्राम. ऑसिलोस्कोपचं काम एवढंच की दोघांना एका पडद्यावर शेजारी उभं करायचं.

पण झाकण उघडण्याआधी दहा मिनिटांचं एक काम आहे. वीज बंद करून दोन्ही स्पीकरच्या तारांची अदलाबदल करा. फाटणं स्पीकरबरोबर उजव्या चॅनलवर गेलं तर दोष स्पीकरचा. डाव्या चॅनलवरच राहिलं तर इनपुटच्या पिना उलटसुलट लावा. आता फाटणं उजव्या चॅनलवर गेलं तर मोबाइलची वायर किंवा गाणं दोषी. एवढं करूनही ते डाव्या चॅनललाच चिकटून असेल तर मात्र अ‍ॅम्पच. त्यातही सिलेक्टर स्विच, टेप मॉनिटरचं बटण आणि व्हॉल्यूमचा पॉट बंद असतानाच वीस-पंचवीस वेळा फिरवून पाहावेत. वर्षानुवर्षं धूळ खाल्लेल्या संपर्कांवर काळा थर चढतो. बरेच रोगी कॉन्टॅक्ट क्लीनरच्या एका फवाऱ्यानं इथंच बरे होतात आणि स्कोपची गरजच उरत नाही.

स्कोप म्हणजे आपल्याकडे इंजिनिअरिंग आणि पॉलिटेक्निकची मुलं ज्याला ‘सीआरओ’ म्हणतात तो. त्यातली कॅथोड-रे नळी जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी १८९७ मध्ये तयार केली. भारतातल्या कित्येक प्रयोगशाळांत नंतर इंदूरच्या ‘सायंटिफिक’चा एचएम २०३ दिसायचा. मूळ रचना जर्मन, दोन चॅनल, २० मेगाहर्ट्झपर्यंतची पोच. अकोल्याहून खंडव्यामार्गे इंदूरला मीटरगेज गाडी जायची, त्यामुळे त्या पेटीवरचं इंदूरचं नाव आम्हांला परकं वाटलं नाही. असे जुने स्कोप आता सेकंडहँड मिळतात आणि ऑडिओच्या कामाला अजून उत्तम चालतात. हल्ली डीएसओ १३८ नावाचं तळहातावर मावणारं चिनी किट स्वस्तात येतं. शिकायला ठीक आहे, पण त्याला चॅनल एकच आणि पोच २०० किलोहर्ट्झची. जुळ्यांना शेजारी उभं करायचं असेल तर दोन चॅनलच हवेत. माझं मत : नव्या खेळण्यापेक्षा जुना सीआरओ घ्यावा.

जोडणीच्या वेळी एक गोष्ट जिवाची आहे. प्रोबचा काळा चिमटा स्कोपच्या बॉडीला आणि तिथून तीन पिनांच्या प्लगमधल्या अर्थिंगला जोडलेला असतो. तो फक्त अ‍ॅम्पच्या चेसीस ग्राउंडलाच लावायचा. काही अ‍ॅम्पमध्ये, विशेषतः गाडीतल्या, स्पीकरच्या दोन्ही तारा जिवंत असतात. त्यांना ब्रिज आउटपुट म्हणतात. तिथं चिमटा लावला की आउटपुट थेट ग्राउंडला शॉर्ट. म्हणून यंत्र बंद ठेवून स्पीकरची काळी तार आणि चेसीस यांच्यात मल्टिमीटर लावून पाहावं, सलग असेल तरच पुढं जावं. चिमट्याची कटकट नको म्हणून स्कोपच्या प्लगची अर्थिंग पिन कापणारे महाभाग भेटतात. त्यांच्या टेबलाजवळ उभं राहू नये. जुन्या घरांत मुळात अर्थिंगच संशयास्पद असते. आपली काळी माती पावसाळ्यात ओल धरते आणि उन्हाळ्यात तडकून भेगाळते, मग कोळसा-मीठ घातलेला अर्थिंगचा खड्डाही कोरडा पडतो. काम सुरू करण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून तो तपासून घेतलेला बरा.

स्पीकरऐवजी ८ ओहमचा, ५० वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर प्रत्येक चॅनलला लावायचा. त्यानं घर शांत राहतं आणि स्पीकर वाचतो. पहिल्यांदा चालू करताना मेन्सच्या वाटेत १०० वॉटचा सिरीज बल्ब. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर आत शॉर्ट नाही, भगभगीत राहिला तर तिथंच थांबायचं. ही खात्री झाली की बल्ब काढून टाकायचा, कारण तो असताना सप्लायच खाली बसतो आणि नसलेला दोष दिसू लागतो. इनपुटला मोबाइलच्या टोन जनरेटर अ‍ॅपमधून १ किलोहर्ट्झची साइन वेव्ह द्यायची. दोन्ही चॅनलना तीच हवी. गाणं नको, गाण्यात डावं-उजवं मुळातच वेगळं असतं.

आता स्कोपचा एक प्रोब उजव्या आउटपुटवर, एक डाव्यावर. दोन्हींची व्होल्टची पट्टी सारखी ठेवून आवाज हळूहळू वाढवत जायचं. ८ ओहमवर २० वॉट म्हणजे लाटेचं टोक साधारण १८ व्होल्ट, वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत ३६. हा हिशेब कागदावर मांडून ठेवावा.

लाट कुठे बिघडते त्यावरून बरंच कळतं. वर-खाली दोन्हीकडे टोकं सपाट होणं ही अ‍ॅम्पची मर्यादा आहे, रोग नाही. दोन्ही चॅनल एकाच पातळीवर सपाट झाले तर बिघडलेलं काही नाही, मालकाला आवाज जास्त लागतो एवढंच. लाट शून्य ओलांडते तिथंच अडखळल्यासारखी पायरी दिसली तर ते क्रॉसओव्हर डिस्टॉर्शन. आउटपुट जोडीला तेवत ठेवणारा बायस करंट कमी पडला आहे. हा दोष कानालाही ओळखता येतो, कारण तो बारीक आवाजात जास्त बोचतो आणि आवाज वाढवला की झाकला जातो. एमिटरमधल्या ०.३३ ओहमच्या रेझिस्टरवर उजवीकडे १० मिलिव्होल्ट म्हणजे ३० मिलिअँपिअर दिसत असतील आणि डावीकडे जवळपास शून्य, तर बायसचा प्रीसेट आणि त्याच्या आसपासचे भाग पाहावेत. प्रीसेट फिरवायचा तर केसभर आणि मीटरवर नजर ठेवून, नाहीतर ट्रान्झिस्टर जळून जातात. टोकाशी लाटेची रेघ जाड, केसाळ झाली तर अ‍ॅम्प उंच फ्रीक्वेन्सीला स्वतःच ओरडतो आहे. आउटपुटजवळचा १० ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर तपासायचा. १०० हर्ट्झची झूल दिसली तर सप्लायचे मोठे कंडेन्सर वाळले, पण तेव्हा बहुधा दोन्ही चॅनल रडतात.

इथं पुस्तकी पद्धत एका ठिकाणी दगा देते. आउटपुटपासून मागं मागं जात, लाट जिथं चांगली दिसेल तिथं दोष सापडला, असं शिकवलं जातं. प्रीअ‍ॅम्पपर्यंत हे खरं आहे. पॉवर अ‍ॅम्पमध्ये मात्र निगेटिव्ह फीडबॅक असतो. हॅरल्ड ब्लॅक या अमेरिकन इंजिनिअरला ही कल्पना २ ऑगस्ट १९२७ ला हडसन नदी ओलांडणाऱ्या फेरीबोटीत सुचली आणि त्यानं ती हातातल्या वर्तमानपत्रावर खरडून ठेवली. आउटपुटचा अंश इनपुटशी ताडून अ‍ॅम्प आपली चूक स्वतःच दुरुस्त करायला धडपडतो. त्यामुळे त्या फेऱ्यातल्या आतल्या बिंदूंवर लाट आउटपुटपेक्षाही वेडीवाकडी दिसते, आणि नवखा माणूस नेमका निर्दोष ट्रान्झिस्टर उपटून काढतो. इथं ‘लाट चांगली आहे का?’ असं विचारून उपयोग नाही. ‘उजव्यासारखी आहे का?’ एवढंच विचारायचं.

माझ्यासमोर आलेल्या एका अ‍ॅम्पची गोष्ट यासाठी सांगण्यासारखी आहे. त्याचे आउटपुट ट्रान्झिस्टर आधीच बदलून झाले होते, सोल्डर नवंकोरं चमकत होतं, फाटणं कायम. मल्टिमीटरनं पाहिलं तर सगळे व्होल्टेज बरोबर : सप्लाय अधिक-उणे २५, आउटपुट शून्याजवळ, बायस ठीक. लोड काढून स्कोप लावला तरी लाट गोल. ८ ओहमचा लोड जोडला आणि डावा उघडा पडला. उजवा १८ व्होल्टांपर्यंत स्वच्छ जात होता, डाव्याचा वरचा अर्धा बारा-तेरा व्होल्टांवरच चपटा होत होता. खालचा अर्धा मात्र शाबूत.

वरचाच अर्धा आणि तोही लोडवरच, म्हणजे वरच्या ट्रान्झिस्टरला पुरेसा ढकलणारा करंट मिळत नव्हता. जुन्या रचनांत हा करंट दोन रेझिस्टरांमधून येतो आणि त्यांच्या मधल्या जोडावर आउटपुटकडून एक कंडेन्सर आणलेला असतो. त्याला बूटस्ट्रॅप म्हणतात. आउटपुट वर चढलं की हा कंडेन्सर त्या जोडालाही वर उचलतो. उजव्या चॅनलच्या जोडावर प्रोब टेकवला तर लाटेचं टोक ३० व्होल्टांपर्यंत गेलेलं, म्हणजे २५ च्या सप्लायच्याही वर. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे अशक्यच वाटतं. डावीकडे त्याच जागी मोजकी थरथर. ४७ मायक्रोफॅरडचा तो कंडेन्सर आतून वाळून ठणठणीत झाला होता. डीसीच्या वाटेत तो नसतोच, म्हणून मल्टिमीटरला त्याचा पत्ता लागत नव्हता. त्याची किंमत दोन कप चहाएवढीही नाही.

कंडेन्सर का वाळला, हेही बोर्डवरच दिसत होतं : तो हीटसिंकला चिकटून बसवलेला. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचा ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. अकोल्याचा मे महिना ४५ अंशांच्या पुढं जातो, पत्र्याखालच्या खोलीत त्याहून जास्त, आणि वर हीटसिंकची धग. अशा जागी ८५ अंशांचा नको, १०५ अंशांचा बसवावा. जागा असेल तर पाय लांब ठेवून हीटसिंकपासून जरा दूर. प्लस-मायनस उलटं होऊ देऊ नये. सोल्डरिंगआधी सप्लायचे मोठे कंडेन्सर रेझिस्टरमधून रिकामे करून घ्यावेत, यंत्र बंद केल्यावरही ते बराच वेळ भरलेले राहतात.

दुरुस्ती झाल्यावरची तपासणी मला सगळ्यांत आवडते. स्कोप एक्स-वाय मोडवर टाकायचा, डावा चॅनल आडवा, उजवा उभा. इनपुटला तीच मोनो साइन. दोघे सारखे असतील तर पडद्यावर ४५ अंशांत तिरपी, सरळ रेघ. एकाचा आवाज कमी असेल तर रेघ कलते. एक आधी सपाट झाला तर तिचं टोक मुडपतं, क्रॉसओव्हर असेल तर मध्यावर मोड येतो, काळाचा फरक असेल तर रेघ उघडून लांबट वेटोळं होतं. जुना मोनो रेडिओ कार्यक्रम किंवा नाट्यसंगीताची मोनो रेकॉर्ड लावली तरी हीच रेघ नाचताना दिसते.

त्या अ‍ॅम्पची रेघ सरळ आली. तरी उजव्या चॅनलचा बूटस्ट्रॅप कंडेन्सरही मी त्याच वेळी काढायला लावला. “तो तर चांगला आहे न, मंग कायले?” मालकांनी विचारलं. तोही त्याच वर्षीचा होता, तेवढ्याच धगीत बसलेला, आणि झाकण आत्ता उघडंच होतं.