भाषा बोलता येणे आणि भाषा जाणणे

मराठी ही ज्याची मातृभाषा आहे त्या शिक्षकाला मराठीच्या रचनेचा वेगळा अभ्यास करण्याची गरज नाही, हा समज अतिशय रूढ आहे. वस्तुस्थिती अशी की मातृभाषेचे नियम प्रत्येकाला पाळता येतात, परंतु ते सांगता येतातच असे नाही. ‘माझा’ या शब्दातील झ दंततालव्य आहे, म्हणजे तो जिभेचे टोक दातांच्या मुळाशी नेऊन उच्चारला जातो. ‘माझी’ आणि ‘माझे’ यांत मात्र पुढील स्वरामुळे तोच झ तालव्य होतो, आणि लिपी या दोन्ही ध्वनींसाठी एकच अक्षर वापरते. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला हा फरक आपोआप साधतो, पण शाळेत प्रथमच मराठी शिकणाऱ्या मुलाला तो कोणीतरी दाखवून द्यावा लागतो, आणि ज्याला तो स्वतःला कधी जाणवलेलाच नाही त्या शिक्षकाकडून हे घडणे अवघड आहे.

मुलांच्या लेखनातील चुका निष्काळजीपणातून होतात, हा दुसरा गैरसमज अधिक हानिकारक आहे. मराठीत इ आणि ई यांच्या उच्चारातील लांबीने सहसा अर्थ बदलत नाही. ती लांबी बव्हंशी अक्षराच्या शब्दातील स्थानावर अवलंबून असते. त्यामुळे ‘पाणि’ असे लिहिणाऱ्या मुलाने नीट ऐकले नाही असे म्हणता येत नाही, कारण केवळ ऐकून ठरवता येईल असा भेद तेथे नसतोच. शब्दाच्या शेवटी येणारा इ-कार दीर्घ लिहावा, हा लेखनाचा संकेत आहे आणि तो संकेत म्हणूनच शिकवायला हवा. ‘मीठ’ शिकलेले मूल ‘मीठाला’ लिहिते तेव्हा तर त्याने मूळ शब्दाचे लेखन पक्के केलेले असते; विभक्तिप्रत्यय लागण्यापूर्वी शब्दाचे जे सामान्यरूप होते, त्यात ती वेलांटी ऱ्हस्व होते, एवढेच त्याला शिकायचे राहिलेले असते. लाल शाईची एकच रेघ या दोन्ही चुकांना एकसारखे ठरवते, वास्तविक त्यांच्यावरील उपाय निरनिराळे आहेत.

बोलीतील रूपे अशुद्ध असतात, या समजुतीचीही अशीच तपासणी करता येते. वऱ्हाडीत ‘डोळा’ऐवजी ‘डोया’ आणि ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ असे उच्चार ऐकू येतात, ते तुटक अपवाद म्हणून नव्हे तर नियमित ध्वनिसंवादाने; ही नियमितता ओळखणाऱ्या शिक्षकाला घरची भाषा न हिणवता प्रमाण लेखनाकडे जाणारी वाट आखता येते. अमेरिकेतील मिशिगन राज्यात, ॲन आर्बर येथील कृष्णवर्णीय मुलांच्या वतीने चाललेल्या खटल्यात 1979 साली न्यायाधीश चार्ल्स जॉयनर यांनी शाळा मंडळाला असा आदेश दिला की, मुलांच्या घरच्या इंग्रजीचे स्वरूप शिक्षकांना समजावे आणि वाचन शिकवताना त्या ज्ञानाचा उपयोग व्हावा, यासाठी योजना आखावी. शिक्षकाचे भाषाविषयक अज्ञान मुलाच्या शिक्षणात अडथळा ठरू शकते, हे तेथे न्यायालयाने मान्य केले. महाराष्ट्रात हा प्रश्न बोलींच्याही पलीकडे जातो. मेळघाटातील कोरकू ही ऑस्ट्रो-आशियाई कुळातील, तर गडचिरोलीतील गोंडी आणि माडिया या द्राविडी कुळातील भाषा आहेत. गोंडीत नामांची विभागणी पुल्लिंगी आणि पुल्लिंगेतर अशी दोनच गटांत होत असल्यामुळे मराठीची तीन लिंगे गोंडीभाषक मुलाला चकवतात, आणि त्यात बुद्धीच्या कमतरतेचा काहीही संबंध नसतो.

बाराखडी पाठ झाली की वाचन आले, हेही खरे नाही. फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी 1986 साली मांडलेल्या प्रारूपानुसार वाचनाचे आकलन हा लिपीचे उलगडणे आणि भाषेचे आकलन या दोहोंचा गुणाकार असतो; दोहोंपैकी एक शून्य असेल तर फळही शून्य. देवनागरीचे उलगडणेही दिसते तितके सरळ नाही. ‘कि’ मधील वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहिली जाते पण नंतर उच्चारली जाते, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो, आणि ‘करवत’ या शब्दात चार अक्षरे दिसत असली तरी र आणि त यांमधील अ उच्चारात उरत नाही. क-र-व-त असे सुटे वाचणारे मूल याच टप्प्यावर अडलेले असते, आणि त्याला पुन्हा मुळाक्षरे गिरवायला लावून हा अडसर दूर होत नाही.

हा अभ्यास फक्त भाषाशिक्षकाचा, असे मानणाऱ्यांनी गणिताचा वर्ग पाहावा. ‘पंचवीस’ या शब्दात पाच आधी येतात आणि वीस नंतर, तर लिहिताना 2 आधी येतो. ‘एकोणतीस’ हा शब्द तर तिसातून एक वजा करण्याची क्रियाच सांगतो. ऐकलेल्या क्रमाने 52 लिहिणाऱ्या मुलाची अडचण गणिताची नसून संख्यानामाच्या रचनेची असते. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशी वाचनपद्धती आली तेव्हा मोठा वाद झाला. दोन्ही पद्धतींच्या रचनेतील फरक ज्या शिक्षकाला ठाऊक आहे, त्याला वर्गात जुने नाव टिकवूनही त्याची फोड करून दाखवता येते.