गॅलरीतली खोली

पुण्यातला आमचा फ्लॅट विकायचे ठरले ते माझ्या गुडघ्यांमुळे. दुसरा मजला आणि लिफ्ट नाही. १९८८ साली बँकेच्या कर्मचारी-कर्जावर घेतलेले हे घर. मुलगी म्हणाली, "बाबा, विकण्याआधी थोडं सजवा. भाव चांगला येईल."

इंटीरियरवाला अंदाजपत्रक घेऊन आला. फॉल्स सीलिंग, हॉलमध्ये इटालियन मार्बल, मॉड्युलर किचन आणि बाथरूममध्ये जुन्या फरशीवरच नवी फरशी. "ओल कुणाला दिसणारसुद्धा नाही, काका," तो म्हणाला. त्या 'दिसणार नाही'पाशी मी अडलो.

बँकेत गृहकर्जाच्या टेबलावर मी बरीच वर्षे काढली. कर्ज मागणारा घराच्या देखणेपणाबद्दल भरभरून बोले. मूल्यांकनाला जाणारा इंजिनिअर मात्र टेप लावी, भिंतीवर हात फिरवी आणि मंजूर नकाशा मागे. मार्बल ही मालकाची हौस. बँक पाहते ती क्षेत्रफळ, इमारतीची प्रकृती आणि कागद. जुन्या इमारतीत तर जमीन सोसायटीच्या नावे झाली आहे का, इथेच घोडे अडते. १९६३ च्या मालकी सदनिका कायद्यात २००८ साली दुरुस्ती झाली आणि बिल्डरने टाळाटाळ केली तरी मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग मोकळा झाला. आमच्या सोसायटीने ते करून घेतले आहे.

हे सगळे हिला ऐकवत मी आमचा नकाशा उलगडला आणि गप्प झालो. माझी लिहायची खोली त्यात नव्हतीच! तिथे होती उघडी गॅलरी. १९९४ साली विटा रचून, खिडकी लावून मी ती बंद केली होती. परवानगीबिरवानगी काही नाही. चार कादंबऱ्या तिथे लिहून झाल्या. आणि त्याच वर्षांत दुसऱ्यांच्या फायलींतल्या अशाच गॅलऱ्यांवर मी लाल शाईने खुणा करत होतो. ही म्हणाली, "अहो, लोकांच्या चुका बऱ्या दिसायच्या तुम्हाला!"

दोन दिवस मी त्या खोलीत नुसता बसून राहिलो. मग मिस्त्रीला बोलावले.

बाथरूमची फरशी स्लॅबपर्यंत फोडली, नहाणी ट्रॅप बदलला, वॉटरप्रूफिंग केले आणि दोन दिवस पाणी तुंबवून ठेवले. खालच्या वहिनींच्या छताला थेंब आला नाही, तेव्हाच फरशी बसवली. जुन्या वायरी काढल्या, अर्थिंग करून घेतले. भिंतींना साधा पांढरा रंग. प्रत्येक पावती फाइलला लावली. घरात केलेल्या सुधारणेचा खर्च विक्रीच्या वेळी भांडवली नफ्यातून वजा मागता येतो, किरकोळ डागडुजीचा नाही. पावती नसेल तर मागणार कशाच्या जोरावर?

शेवटी गॅलरीची भिंत पाडली. पैसे घालून घर लहान केले, असे शेजारी म्हणाले.

घर पाहायला एक तरुण जोडपे आले. त्याने विचारले, "काका, ओल वगैरे?" मी म्हटले, "होती," आणि फाइल पुढे केली. मार्बलवाल्या घराला मिळाला असता त्याहून आकडा थोडा कमी ठरला असेल. पण त्यांचे कर्ज एकही हरकत न निघता मंजूर झाले. तोवर ती मुलगी गॅलरीत जाऊन उभी राहिली होती. "इथे सकाळचं ऊन येतं का हो?" तिने विचारले.

मला सांगता येईना. तीस वर्षे मी खिडकीला पडदा लावून लिहीत होतो. हिनेच उत्तर दिले, "येतं. तुळस ठेव."