बोअरला प्रेशर मारणं म्हणजे ‘फ्रॅकिंग’ का? दोन्हीतला फरक समजून घ्या

पिंगळी (ता. परभणी) : उन्हाळा लागला की बोअर आटतात. मग एकजण सांगतो, ‘प्रेशर मारून घ्या, पाणी वाढतं.’ दुसरा मोबाईलवर व्हिडिओ दाखवतो, ‘अमेरिकेत अशानंच नळाच्या पाण्याला आग लागली.’ दोन्हीत खडकाच्या भेगा उघडतात, पण कामं वेगळी आहेत.

फ्रॅकिंग म्हणजे काय?
चिखलाचे थर दबून झालेल्या शेल खडकात तेल आणि गॅस अडकलेले असतात. त्यासाठी बहुतेक वेळा एक किलोमीटरहून खोल बोअर मारून तो आडवा वळवतात. त्यात पाणी, वाळू आणि रसायनं प्रचंड दाबानं सोडतात. अमेरिकेत एका बोअरला साधारण 57 लाख ते 6 कोटी लिटर पाणी लागतं.

धोका काय?
केसिंगचं सिमेंट कच्चं राहिलं तर गॅस विहिरीच्या पाण्यात शिरू शकतो. वर येणारं खारट, रसायनाचं पाणी सांडलं तर जमीन नासते. तेल-गॅसच्या बोअरचं असं सांडपाणी खोल जमिनीत सोडल्यानं ओक्लाहोमात भूकंप वाढले. 2016 मध्ये तिथं 5.8 तीव्रतेचा धक्का बसला.

भारतात 2013 मध्ये शेल गॅसचं धोरण आलं. ओएनजीसीनं गुजरात आणि पश्चिम बंगालमध्ये चाचणी बोअर घेतले. आपल्याकडचा काळा पाषाण लाव्ह्याचा आहे. त्यात शेलसारखा गॅस तयार होत नाही.

मग आपल्याकडं काय करतात?
याला जलभंजन म्हणतात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा पिण्याच्या पाण्याच्या बोअरसाठी ते वापरते. बोअरमध्ये रबरी पॅकर बसवून खाली नुसतं पाणी दाबानं सोडतात. गाळानं बुजलेल्या भेगा मोकळ्या होतात. रसायन लागत नाही.

पैसे देण्याआधी हे बघा
जलभंजनानं पाणी तयार होत नाही, फक्त वाट मोकळी होते. जमिनीतच पाणी नसेल तर खर्च वाया जातो. शेजारी संडासाचा शोषखड्डा किंवा गटार असेल तर त्याच भेगांतून घाणही येऊ शकते. म्हणून काम झाल्यावर पाणी तपासल्याशिवाय पिऊ नये.

पावसाचं पाणी दगड-वाळूच्या खड्ड्यातून गाळून बोअरभोवती मुरवलं, तरच मोकळ्या झालेल्या भेगांचा पुढच्या उन्हाळ्यात उपयोग होईल.