दिवसाची वीज व राष्ट्राचे हवामान धोरण

गंगापूर तालुक्यातील लासूर स्टेशनच्या आसपासच्या खेड्यांत रब्बीची भिस्त बव्हंशी विहिरीवर असते. विहिरीवरील पंपास वीज लागते, आणि शेतीची वीज वर्षानुवर्षे कधी दिवसपाळीने तर कधी रात्रपाळीने मिळत आली. रात्री दारे धरावयाची म्हणजे थंडी, अंधार व साप-विंचवाचे भय. बापासोबत बॅटरी धरून गेलेले मूल दुसऱ्या दिवशी वर्गात पेंगते. सबब, स्वच्छ ऊर्जेचे राष्ट्रीय धोरण हा विषय शाळेस परका नाही.

कोळसा जाळला असता कार्बन डाय-ऑक्साइड वायू हवेत मिसळतो. हा वायू पृथ्वीवरून बाहेर जाणारी उष्णता अडवितो; त्यामुळे हवामानाची घडी विस्कटते. हे रोखण्यासाठी भारत सरकारने ३० जून २००८ रोजी आठ अभियानांचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. त्यांपैकी सौर अभियान २०१० मध्ये सुरू झाले. निव्वळ उत्सर्जन २०७० पर्यंत शून्यावर आणण्याचा संकल्प २०२१ मध्ये जाहीर झाला. वीजनिर्मितीची निम्मी क्षमता २०३० पर्यंत कोळसा, तेल व वायू यांखेरीज अन्य साधनांची असावी, असे उद्दिष्ट २०२२ मध्ये ठरले. ते २०२५ मध्येच साध्य झाले.

येथे एक भेद मुलांस स्पष्ट करून सांगावा. क्षमता निराळी व प्रत्यक्ष निर्मिती निराळी. विहीर किती मोठी आहे आणि तीतून रोज किती पाणी निघते, या दोन वेगळ्या गोष्टी होत. सूर्य रात्री नसतो. म्हणून देशातील बहुतांश वीज अद्यापि कोळशापासूनच होते.

मराठवाड्यास या प्रश्नाची आणखी एक बाजू आहे. औष्णिक वीजकेंद्रास कोळशाइतकीच पाण्याची गरज असते. २०१३ च्या दुष्काळात परळीचे केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. सौर तावदानांस केवळ धुण्यापुरते पाणी पुरते.

केंद्र सरकारची ‘कुसुम’ योजना २०१९ मध्ये मंजूर झाली. महाराष्ट्राने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आरंभिली व २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा हाती घेतला. उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून त्याची वीज कृषिपंपांच्या वाहिनीस दिवसा द्यावयाची, हे तिचे सूत्र होय. दुसऱ्या टप्प्यातील पहिला प्रकल्प २०२४ मध्ये शेजारच्या वैजापूर तालुक्यात धोंदलगाव येथे सुरू झाला. त्याची क्षमता ३ मेगावॅट आहे.

वरच्या वर्गांत याचे गणित घालता येईल. ३ मेगावॅट म्हणजे ३,००० किलोवॅट. १ अश्वशक्ती म्हणजे ०.७४६ किलोवॅट; तेव्हा ५ अश्वशक्तीच्या पंपास ३.७३ किलोवॅट लागतात. भागाकार केल्यास, भर उन्हात सुमारे ८०० पंप एकाच वेळी चालू शकतील असे उत्तर येते. वाटेतील गळती व ढगाळ हवा यांमुळे प्रत्यक्षात ही संख्या घटते, हेही सांगावे. खालच्या वर्गांतील मुलांनी अंगणात काठी रोवून दर तासास सावली मोजावी. सूर्य केव्हा चढतो व केव्हा उतरतो, ते त्यांच्या ध्यानी येईल.

‘आमच्या वाहिनीस दिवसाची वीज केव्हा?’ असे एखादे मूल विचारील. त्या प्रश्नास गप्प बसवू नये. आपले गाव कोणत्या उपकेंद्रास जोडलेले आहे, हे त्यास वडीलधाऱ्यांकडून विचारून आणावयास सांगावे. राष्ट्राचे धोरण आपल्या विहिरीपर्यंत कोणत्या तारेने पोहोचते, हे जाणणे हेच या पाठाचे फलित होय.