वेगवान आलिशान मोटारीची दीर्घकालीन मालकी व निगा : बीएमडब्ल्यू एम५ (ई३९) या मोटारीच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

मोटार विकत घेणे आणि ती सांभाळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. खरेदीचा व्यवहार एका दिवसात पूर्ण होतो, सांभाळण्याची जबाबदारी मात्र मालकी असेपर्यंत संपत नाही. सर्वसाधारण मोटारीच्या बाबतीत या दोहोंमधील अंतर फारसे जाणवत नाही. परंतु शर्यतीच्या गाडीची ताकद आणि दिवाणखान्याची सुखसोय यांचा मेळ घालणाऱ्या आलिशान मोटारीच्या बाबतीत हे अंतर मालकाच्या आर्थिक नियोजनाची कसोटी पाहणारे ठरते. अशा मोटारीची किंमत वयानुसार घसरते, पण तिच्या सुट्या भागांची किंमत आणि दुरुस्तीला लागणारे कौशल्य घसरत नाही. या विसंगतीचे स्वरूप एका प्रत्यक्ष उदाहरणाच्या आधारे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मोटारीचा परिचय

जर्मनीतील बीएमडब्ल्यू कंपनीच्या 'एम५' या मालिकेचा आरंभ १९८०च्या दशकाच्या मध्यास झाला. वरून साधी कौटुंबिक चारदारी गाडी आणि आत शर्यतीच्या परंपरेतील इंजिन, अशी या मालिकेची मूळ कल्पना होती. 'ई३९' या अंतर्गत संकेतनामाने ओळखली जाणारी तिसरी पिढी १९९८ मध्ये जिनिव्हा येथील मोटार प्रदर्शनात सादर झाली व २००३ पर्यंत तिचे उत्पादन चालले. या काळात सुमारे २०,५०० गाड्या तयार झाल्या. ४,९४१ घन सेंटिमीटर क्षमतेचे आठ सिलिंडरचे इंजिन, ४०० अश्वशक्ती, ५०० न्यूटन-मीटर टॉर्क आणि केवळ हाताने बदलायचे सहा गिअर ही तिची ठळक वैशिष्ट्ये होत. प्रत्येक सिलिंडरला हवेसाठी स्वतंत्र थ्रॉटल देण्यात आला होता. कमाल वेग ताशी २५० किलोमीटरवर इलेक्ट्रॉनिक पद्धतीने मर्यादित केलेला होता.

अमेरिकेत या गाडीची नवी किंमत सुमारे ७०,००० डॉलर होती. पुढे ती अनेक हातांतून फिरली, स्वस्त झाली आणि तिच्या देखभालीचा भार ज्यांनी आधी मोजला नव्हता अशा खरेदीदारांच्याही आवाक्यात आली. समस्येचे मूळ येथे आहे.

झीज कोठे व का होते

दीर्घकाळ वापरलेल्या मोटारीतील बिघाडांचे ढोबळमानाने तीन वर्ग पडतात : अंतर चालल्यामुळे होणारी झीज, वयामुळे होणारा ऱ्हास आणि उष्णतेमुळे होणारी हानी.

पहिल्या वर्गात क्लच, ब्रेकच्या चकत्या, टायर व पुढील चाकांच्या जोडदांड्यांतील रबरी बुश यांचा समावेश होतो. या मोटारीचे मागील टायर २७५ मिलिमीटर रुंद असून शक्ती मागील चाकांना मिळत असल्याने ते लवकर झिजतात. क्लच बदलण्याच्या वेळी त्यामागील दुहेरी वस्तुमानाचे फ्लायव्हीलही तपासावे लागते व अनेकदा तेही बदलावे लागते.

दुसरा वर्ग फसवा आहे, कारण तो गाडी उभी असतानाही आपले काम करीत असतो. रबर कडक होते, प्लॅस्टिक ठिसूळ होते, ब्रेकचे द्रव हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट-४ प्रतीच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शिरल्यानंतर तो १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. जोरात ब्रेक लावल्यावर असे द्रव उकळले तर त्यात वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि ब्रेकचे पायडल पोकळ जाते. म्हणून अंतर कितीही कमी चालले असले तरी हे द्रव दर दोन वर्षांनी बदलणे आवश्यक मानले जाते. टायरच्या बाबतीतही हाच नियम लागू पडतो. २००० सालापासून टायरवर चार आकडी संकेत छापलेला असतो. त्यातील पहिले दोन आकडे उत्पादनाचा आठवडा व पुढील दोन वर्ष दर्शवितात. खोल नक्षी शिल्लक असलेला जुना टायर सुरक्षित असेलच असे नाही.

तिसरा वर्ग सर्वांत खर्चिक आहे. रेडिएटरच्या कडेच्या टाक्या व शीतकाची विस्तार-टाकी प्लॅस्टिकची असते. वारंवार तापून व थंड होऊन तिला तडा गेल्यास शीतक वाहून जाते. ॲल्युमिनियमचे इंजिन अतितप्त अवस्थेत थोडा वेळ जरी चालविले तरी सिलिंडर-हेड वाकण्याचा धोका असतो. एका टाकीची किंमत वाचवून संपूर्ण इंजिन गमावण्याचा हा प्रकार होय.

इंजिनाच्या विशेष गरजा

झडपा उघडण्या-मिटण्याची वेळ बदलणारी 'व्हॅनोस' ही यंत्रणा या इंजिनात उच्च दाबाच्या तेलावर चालते. वयोमानाने तिच्यात खडखडाट निर्माण होतो. टायमिंग चेनचे प्लॅस्टिकचे मार्गदर्शक झिजतात. सिलिंडर-हेडमधील दुय्यम हवेच्या वाटा काजळीने भरतात व गाडी प्रदूषण-चाचणीत अडते. यांपैकी बहुतेक कामांसाठी इंजिनाचा मोठा भाग उघडावा लागतो. त्यामुळे सुट्या भागापेक्षा मजुरीच जास्त होते. अनुभवी मालक एक काम निघाले की त्याच्या शेजारची कामेही त्याच वेळी उरकून घेतात, ते याच कारणासाठी.

तेलाची निवड हाही बारकाईचा विषय आहे. मार्च २००० च्या सुमारास पिस्टनच्या कड्यांच्या रचनेत बदल झाला व इंजिनासाठी १०डब्ल्यू-६० या दाट प्रतीचे तेल ठरविण्यात आले. त्यामुळे आपली गाडी कोणत्या महिन्यात तयार झाली हे मालकास ठाऊक असणे इष्ट ठरते.

चालविण्याच्या शिस्तीचाही इंजिनाच्या आयुष्याशी थेट संबंध आहे. या मोटारीच्या इंजिनफेऱ्यांच्या तबकडीभोवती दिव्यांची एक ओळ आहे. तेल थंड असताना ती कमी फेऱ्यांपासूनच उजळलेली राहते व तेल तापत जाईल तशी क्रमाक्रमाने विझत जाते. निर्मात्याने चालकास दिलेली ही संयमाची सूचना होय. तिच्याकडे दुर्लक्ष केल्यास होणारी झीज त्या दिवशी दिसत नाही, ती पुढील मालकाच्या वाट्याला येते.

कागदपत्रांचे मूल्य

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, जुन्या एम५ची खरी किंमत तिच्या चकचकीत रंगावरून ठरत नाही, ती देखभालीच्या नोंदींवरून ठरते. कोणते काम, किती किलोमीटरवर, कोणत्या भागासह झाले, याची पावती असलेली महाग गाडी ही नोंद नसलेल्या स्वस्त गाडीपेक्षा बहुधा स्वस्त पडते. खरेदीपूर्वी जाणकार मेकॅनिककडून तपासणी करून घेणे, खरेदीच्या रकमेबरोबरच पहिल्या वर्षाच्या कामांसाठी स्वतंत्र रक्कम बाजूला ठेवणे आणि गाडी दीर्घकाळ उभी राहणार असल्यास मागील डिकीतील बॅटरीला चार्जर जोडून ठेवणे, ही पथ्ये लाभदायक ठरतात.

जर्मनीत खासगी मोटारीची तांत्रिक तपासणी साधारणपणे दर दोन वर्षांनी करावी लागते. वयाची ३० वर्षे पूर्ण केलेल्या व मूळ स्वरूपात जतन केलेल्या गाडीस तेथे ऐतिहासिक वाहनाचा दर्जा मिळू शकतो. ई३९ पिढीतील पहिल्या एम५ गाड्या २०२८ मध्ये ही वयोमर्यादा गाठतील. त्या वेळी कोणत्या गाड्या पात्र ठरतील, हे बव्हंशी आजच्या मालकांच्या निर्णयांवर अवलंबून आहे. पुढे ढकललेली लहान कामे साचत जातात. एके दिवशी दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीहून अधिक होतो आणि एरवी धडधाकट असलेली गाडी सुट्या भागांसाठी फोडली जाते. अशा रीतीने नाहीशी होणारी गाडी बहुधा एका मोठ्या अपघाताने संपत नाही, ती अनेक लहान दुर्लक्षांनी संपते.

निष्कर्ष

१. वेगवान आलिशान मोटारीची बाजारातील किंमत कमी झाली तरी तिचा देखभाल-खर्च मूळ किमतीच्याच पातळीवर राहतो.

२. अंतरापेक्षा वय व उष्णता हे घटक अधिक हानिकारक ठरू शकतात. त्यामुळे कमी चाललेली गाडी उत्तमच असेल असे गृहीत धरता येत नाही.

३. वेळेवर केलेली प्रतिबंधक देखभाल ही बिघाडानंतरच्या दुरुस्तीपेक्षा कमी खर्चाची असते.

४. नोंदी, योग्य तेल व चालविण्याची शिस्त या तीन गोष्टी मालकाच्या पूर्णपणे हाती आहेत.

अशा मोटारीचा मालक हा तिचा उपभोक्ता असतो, तसाच काही काळापुरता तिचा राखणदारही असतो. ही दुसरी भूमिका ज्यास मान्य नसेल, त्याने ती विकत न घेणे हेच गाडीच्या व त्याच्या दोघांच्याही हिताचे ठरेल.