शेतावरील कुत्र्यासाठी प्रथमोपचाराची पेटी

बीड तालुक्यातील पाली हे गाव सोलापूर-धुळे महामार्गालगत वसलेले असून बिंदुसरा नदीवरील धरण त्याच्या नजीकच आहे. एका अंगास सतत वाहता रस्ता, दुसऱ्या अंगास बालाघाटचे डोंगर आणि मध्ये कापूस, तूर, ज्वारीची शेते. अशा ठिकाणी राखणीच्या कुत्र्यास होणाऱ्या इजांचे प्रकार बहुधा ठरलेले असतात. वाहनाची धडक, पंजात रुतलेला बाभळीचा काटा, काटेरी तारेने फाटलेले कातडे, रानडुकराच्या सुळ्याची जखम, सर्पदंश आणि पिसाळलेल्या कुत्र्याचा चावा हे त्यांतील मुख्य होत. बैल अगर म्हैस आजारी पडल्यास शेतकरी तत्काळ धावपळ करतो. कुत्र्याची जखम मात्र ‘चाटून बरी होईल’ म्हणून सोडून दिली जाते. जनावर पशुवैद्यकाकडे पोहोचेपर्यंतचा काळ निभावून नेता यावा, एवढ्यासाठी घरी एक लहानशी पेटी तयार असावी.

पेटी विकत आणण्याचे कारण नाही. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा स्वच्छ धुऊन उन्हात वाळवला म्हणजे काम भागते. त्यात जाळीदार कापडाच्या घड्या, तीन-चार पट्ट्या, चिकटपट्टी, बोथट टोकाची कात्री, चिमटा, थर्मामीटर, रबरी हातमोजे, अंगाच्या साबणाची वडी, पोव्हिडोन आयोडीनची बाटली व सुई काढलेली मोठी पिचकारी ठेवावी. धोतराचे वा लुगड्याचे जुने, धुतलेले कापडही उपयोगी पडते. कापूस प्रत्यक्ष जखमेवर ठेवू नये, त्याचे तंतू आत चिकटून राहतात. कुत्र्यास लस टोचल्याची नोंदही याच डब्यात असावी.

कोणत्याही उपचारापूर्वी कुत्र्याचे तोंड पट्टीने बांधावे. वेदनेने व्याकूळ झालेले कुत्रे घरच्या धन्यासही चावते, यात त्याचा दोष नाही. मात्र त्यास वांती होत असेल अगर श्वास लागला असेल तर तोंड बांधू नये. रक्त वाहत असल्यास कापडाची घडी जखमेवर ठेवून पाच ते दहा मिनिटे सारखे दाबून धरावे. मध्येच उचलून पाहू नये. कापड भिजल्यास त्यावरच दुसरे ठेवावे. रक्त थांबलेली लहान जखम मिठाच्या पाण्याने धुवावी. एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यात चहाचे दोन सपाट चमचे मीठ पुरे. पोव्हिडोन आयोडीन फिक्या चहाच्या रंगाइतके पातळ करून वापरावे. हळद, चुना, तिखट वा इंजिनचे जळके तेल जखमेत भरण्याची चाल अनेक ठिकाणी आहे. तिने जखम बिघडते आणि पुढे पशुवैद्यकास ती साफ करण्याचेच काम अधिक पडते.

वाहनाची धडक बसलेले वा उंचावरून पडलेले कुत्रे वरून धड दिसले तरी आतून जायबंदी असू शकते. २०२१ च्या डिसेंबरात माजलगाव तालुक्यातील लवूळ येथे वानरे कुत्र्यांची पिले उंचावर नेऊन टाकतात, ही बातमी देशभर गाजली होती. अशा वेळी पाय ओढून वा काखेत धरून उचलू नये. फळीवर अगर ताणून धरलेल्या घोंगडीवर सरकवून न्यावे.

सर्पदंशावर या पेटीत औषध नाही व असू नये. जखम कापणे, चोखणे, दोरीने आवळणे हे सर्व अपायकारक आहे. कुत्र्यास चालू न देता त्वरित दवाखान्यात न्यावे. प्रतिविष तेथेच मिळते. कीटकनाशक वा उंदरांचे विष पोटात गेल्यास तूप, दूध वा मिठाचे पाणी पाजून वांती करवू नये. विषाचा डबा वा त्यावरील चिठ्ठी सोबत न्यावी. तसेच माणसांच्या ताप-अंगदुखीच्या गोळ्या, म्हणजे पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन व डायक्लोफेनॅक, पेटीत ठेवूच नयेत. त्या कुत्र्याच्या यकृतास, जठरास वा मूत्रपिंडास इजा करतात.

सर्वांत अधिक सावधगिरी पिसाळण्याच्या रोगाबाबत हवी. या रोगात कुत्र्याच्या घशाचे स्नायू लुळे पडतात, लाळ गळते, गिळता येत नाही. पाहणाऱ्यास वाटते की घशात हाड अडकले आहे, आणि तो तोंडात हात किंवा चिमटा घालतो. अशा रीतीने लाळ हातावरील एखाद्या ओरखड्यास लागली तरी रोग होऊ शकतो. लक्षणे दिसू लागल्यावर तो जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. म्हणून लाळ गाळणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात कोणीही हात घालू नये. त्यास कोंडून पशुवैद्यकास कळवावे.

आपल्या कुत्र्यास दुसरे कुत्रे चावल्यास हातमोजे घालून जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, मग आयोडीन लावावे. त्यास पूर्वी लस टोचली असली तरी पुन्हा पशुवैद्यकास दाखवावे. पहिली लस साधारण तिसऱ्या महिन्यात, व पुढे पशुवैद्यक सांगेल त्याप्रमाणे दरवर्षी द्यावी. माणसास चावा वा ओरखडा बसल्यास हीच धुण्याची रीत पाळून त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. चावलेल्या कुत्र्याचे काय होते याची वाट पाहू नये. पोटात चौदा सुया घ्याव्या लागतात, या भीतीने वयस्क मंडळी अद्याप टाळाटाळ करतात. ती जुनी लस भारतात २००५ पासून बंद झाली आहे. आता दंडात थोड्याच सुया, ठरलेल्या दिवशी घ्यावयाच्या असतात.

दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील कितीतरी कुटुंबे ऊसतोडीस बाहेर पडतात, आणि घर व कुत्रे म्हाताऱ्या माणसांच्या हवाली राहते. जाण्यापूर्वी पेटी उघडून त्यांस प्रत्येक वस्तू दाखवावी. आयोडीनच्या बाटलीवरील मुदत तपासावी, आणि पशुवैद्यकीय दवाखान्याचा क्रमांक व शासनाच्या फिरत्या पशुचिकित्सा पथकाचा १९६२ हा क्रमांक झाकणाच्या आतल्या बाजूस मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. पेटीची जागा चुलीपासून व कीटकनाशकांच्या डब्यांपासून दूर, पण अंधारातही हाताला लागेल अशी असावी.