राष्ट्राची ठेव : अमेरिकेतील काही राष्ट्रीय उद्याने

‘उद्यान’ हा शब्द कानी पडताच फुलांचे ताटवे, कारंजी आणि आखीव पायवाटा आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. अमेरिकेतील राष्ट्रीय उद्याने या कल्पनेत मावणारी नव्हेत. तेथे पर्वत, दऱ्या, अरण्ये आणि नद्या जशा आहेत तशाच राखण्याचा प्रयत्न केलेला आहे. त्यांच्याच जोडीला प्राचीन वस्त्या, रणभूमी आणि ऐतिहासिक वास्तू यांचाही सांभाळ तेच सरकारी खाते करते. त्या खात्याकडे आज चारशेहून अधिक स्थळे असून, त्यांपैकी ६३ स्थळांना ‘राष्ट्रीय उद्यान’ हे नाव आहे. इतक्या स्थळांचे वर्णन एका लेखात करणे अशक्य आहे; म्हणून निवडक पाच स्थळांचाच परिचय येथे करून देण्याचे आम्ही योजिले आहे. तो करून घेताना एक प्रश्न मनाशी धरावा : ही ठेव आपोआप टिकली, की कोणी टिकविली? आणि तिचे मोल कोणी दिले?

प्रथम पश्चिमेकडील कॅलिफोर्निया राज्यातील योसेमिटी पाहू. सिएरा नेवाडा पर्वतात हिमनद्यांनी कोरून काढलेली ही दरी आहे. तिच्या एका अंगाला एल कॅपिटन नावाचा ग्रॅनाइटचा अखंड कडा सुमारे ३,००० फूट सरळ उभा आहे, तर योसेमिटीचा धबधबा तीन टप्प्यांत मिळून २,४२५ फूट खाली येतो. जवळच मॅरिपोसा येथील महाकाय सेक्वोया वृक्षांची राई आहे. त्यांतील काही वृक्षांचे वय हजारो वर्षांचे आहे. देशात यादवी युद्धाचा वणवा पेटलेला असताना, ३० जून १८६४ रोजी, अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी ही दरी व ही राई लोकांसाठी कायम राखण्याच्या अटीवर कॅलिफोर्निया राज्याच्या स्वाधीन करणाऱ्या कायद्यावर सही केली. पुढे निसर्गभक्त जॉन म्यूर यांच्या लेखणीमुळे लोकमत जागृत झाले आणि १८९० मध्ये भोवतालचा प्रदेश राष्ट्रीय उद्यान झाला.

परंतु या कथेला दुसरी बाजू आहे. दरीत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आवाहनीची लोकांना १८५१ मध्येच सशस्त्र तुकडीने हुसकावून लावले होते. शिवाय उद्यान झाल्यानंतरही संकट टळले नाही. त्याच उद्यानात हेच हेची नावाची तशीच रम्य दरी होती. सॅन फ्रान्सिस्को शहराला पाणी हवे होते, आणि ती गरज खोटी नव्हती. म्यूर यांनी निकराने विरोध केला. तथापि १९१३ मध्ये धरणाला परवानगी मिळाली. पुढच्याच वर्षी म्यूर निवर्तले. १९२३ मध्ये धरण पुरे झाले आणि ती दरी आजही पाण्याखाली आहे. केवळ कागदावरील सही कोणत्याही स्थळाचे रक्षण करीत नाही, हा धडा या पराभवाने दिला. उद्यानांची देखभाल करणारे स्वतंत्र खाते असावे, ही मागणी त्यामुळे बळावली आणि २५ ऑगस्ट १९१६ रोजी ते स्थापन झाले. लोकांना या स्थळांचा आनंद घेऊ द्यावा, परंतु पुढील पिढ्यांच्या हाती ती अभंग सोपवावीत, हा त्या खात्याचा हेतू ठरला.

येथून ईशान्येस गेल्यास यलोस्टोन लागते. १ मार्च १८७२ रोजी अध्यक्ष ग्रँट यांच्या सहीने स्थापन झालेले हे जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान होय. त्याचे क्षेत्र सुमारे ९,००० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या जवळजवळ अडीचपट आहे. त्याचा बहुतेक भाग वायोमिंग राज्यात मोडतो. येथील विशेष म्हणजे उष्णोदकाची कारंजी. पावसाचे व बर्फाचे पाणी भूमीत खोल मुरते आणि खालच्या तप्त खडकांमुळे तापते. वरच्या पाण्याच्या दाबामुळे ते उकळण्याच्या बिंदूपलीकडे तापूनही उकळत नाही. अखेर थोडे पाणी वर उसळून दाब कमी झाला, की खालच्या पाण्याची एकदम वाफ होते आणि अरुंद मार्गातून सारा स्तंभ आकाशात झेपावतो. ‘ओल्ड फेथफुल’ नावाचे कारंजे साधारणतः दीड तासाच्या अंतराने शंभर फुटांहून उंच उडते.

तेथेच ‘मॉर्निंग ग्लोरी’ नावाचे निळेशार कुंड आहे. पाहुण्यांनी कौतुकाने त्यात नाणी, दगड आणि केरकचरा टाकला. तळाचा मार्ग काही अंशी बुजला, पाणी किंचित निवले आणि कमी उष्णतेत वाढणारे सूक्ष्म जीव पसरले. परिणामी निळाईच्या कडेने पिवळा व नारिंगी रंग आत सरकला. ही हानी शत्रूने केली नाही. सौंदर्य पाहावयास आलेल्यांनीच केली! प्राण्यांच्या बाबतीतही असेच घडले. लांडगा हा उपद्रवी म्हणून खुद्द उद्यानात मारला जाई. १९२६ पर्यंत तो तेथून नाहीसा झाला. एल्क जातीच्या हरणांची संख्या वाढून झाडाझुडपांवर ताण पडू लागला. शेवटी १९९५ व १९९६ मध्ये कॅनडातून ३१ लांडगे आणून सोडण्यात आले आणि आज त्यांचे कळप तेथे पुन्हा नांदत आहेत.

आता दक्षिणेकडे, ॲरिझोना राज्यातील ग्रँड कॅन्यनकडे वळू. कोलोरॅडो नदीने खोदलेली ही घळई ४४६ किलोमीटर लांब आणि सुमारे एक मैल खोल आहे. तिच्या भिंतींत खडकांचे थर पुस्तकाच्या पानांसारखे एकावर एक रचलेले दिसतात. तळाचे खडक १७० कोटी वर्षांहूनही जुने आहेत. १९१९ मध्ये तिला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. येथील मूळ रहिवासी हवासुपाई लोकांना मात्र १८८२ मध्ये एका उपदरीतील ५१८ एकरांत कोंडण्यात आले होते. त्यांनी चिकाटी सोडली नाही. १९७५ मध्ये कायद्याने सुमारे १,८५,००० एकर भूमी त्यांना परत मिळाली.

निसर्गाप्रमाणेच मनुष्याच्या हातचे कामही जपावे लागते. कोलोरॅडो राज्यातील मेसा व्हर्डे येथे उंच कड्यांच्या कपारींत प्यूब्लो लोकांच्या पूर्वजांनी दगडी घरे बांधली. ‘क्लिफ पॅलेस’ या एकाच वास्तूत सुमारे दीडशे खोल्या आहेत. मका, घेवडा आणि भोपळा पिकविणारे हे लोक तेराव्या शतकाच्या अखेरीस, दीर्घ अवर्षणाच्या काळात, दक्षिणेकडे निघून गेले. त्यांचे वंशज आजही तेथे राहतात. एकोणिसाव्या शतकात या ओस घरांतील वस्तू खणून विकल्या व परदेशी नेल्या जाऊ लागल्या. तेव्हा १९०६ मध्ये पुरातन अवशेषांच्या रक्षणाचा कायदा झाला आणि त्याच वर्षी मेसा व्हर्डे राष्ट्रीय उद्यान झाले. फिनलंडमधील संग्रहालयात पोहोचलेले मानवी अवशेष व दफनविधीच्या वस्तू २०२० मध्ये वंशजांना परत करण्यात आल्या.

अखेरचे स्थळ सुंदर म्हणून नव्हे, तर स्मरणीय म्हणून राखलेले आहे. योसेमिटी ज्या पर्वतात आहे, त्याच पर्वताच्या पूर्व पायथ्याशी मॅन्झनार हे ठिकाण आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ पासून, जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना घरादारातून काढून छावण्यांत ठेवण्यात आले. त्यांतील बहुसंख्य लोक अमेरिकेचेच नागरिक होते. मॅन्झनार ही त्यांपैकी एक छावणी. सरकारने १९८८ मध्ये या अन्यायाबद्दल क्षमा मागितली आणि १९९२ मध्ये ही जागा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून घोषित झाली. आपल्या वैभवाची स्मारके सर्वच राष्ट्रे उभारतात. आपल्या अपराधाची जागा जतन करून मुलाबाळांना दाखविण्यास अधिक धैर्य लागते.

वाचकहो, या पाचही स्थळांचे सांगणे एकच आहे. जतन हे एका दिवसात उरकण्याचे कार्य नव्हे. ज्याने राखावयाचे तोच कधी बुडवितो, कधी लुबाडतो, कधी परतही करतो. म्हणून प्रत्येक पिढीला ते कार्य नव्याने हाती घ्यावे लागते. आपल्यापैकी काहींना त्या दूर देशी जाण्याचा योग येईल, पुष्कळांना येणार नाही. परंतु कुंडात नाणे टाकणारा हात आणि आपल्या गावाजवळील गडाच्या भिंतीवर खिळ्याने नाव कोरणारा हात यांत काय अंतर आहे? तो हात वेळीच आवरणे हे मात्र कोठेही न जाता आपल्या प्रत्येकाला साधण्यासारखे आहे.